कुत्र्याचा क्लास : चार तारे, पाचवा का कापला तेही लिहितो

आधी कामाचं सांगतो. वर्ग साताऱ्यात गोडोलीच्या बाजूला एका मोकळ्या प्लॉटवर भरतो. बुधवार-रविवार, सकाळी साडेसहा. बारा तास, म्हणजे सहा आठवडे. फी ६,५०० रुपये. एका बॅचला सातच कुत्री घेतात. लसीकरणाची वही दाखवल्याशिवाय फाटकाच्या आत सोडत नाहीत, हे बरं आहे. शिकवणारे गृहस्थ पाटणकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. रिमाउंट व्हेटर्नरी कोअर, म्हणजे फौजेची घोडी-कुत्री सांभाळणारी शाखा, तिचं केंद्र मेरठला. तिथलं पाणी प्यालेला माणूस. बाकी सगळे त्यांना सर म्हणतात, मी उस्ताद म्हणतो. रंगरूट असताना शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणायची सवय लागते, ती पुढं हुद्दा वाढला तरी सुटत नाही. ते मला सुभेदार साहेब म्हणतात. फॉर्मवर माजी सैनिक लिहिलेलं बघून पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "साहेब, ही फौजी कॅन्टीन नाही, रेट सगळ्यांना एकच." मी सवलत मागितलीच नव्हती. पण माणूस आवडला.

कुत्रं शिकतं, त्याची खात्री मी देतो. पण घाम मालकाचा निघतो, आणि ते फॉर्मवर कुठंही लिहिलेलं नाही.

कुत्रं मी मागवलेलं नव्हतं. गेल्या वर्षी मार्चअखेरीला म्हसवडकडचा भाचा आला तो काखेत बारदान घेऊन. मला वाटलं ज्वारी आणली. बारदान हललं, आतून एक लांब नाक बाहेर आलं आणि परत आत गेलं. "मामा, किती दिवस एकटं बसणार? धनगराच्या कारवानीची पिल्लं आहेत, रगत चांगलं आहे." मी म्हटलं, आलास तसा घेऊन जा. तो चहा प्याला, बारदान तिथंच ठेवलं आणि मोटारसायकलला किक मारून गेला.

आठ आठवड्यांची मादी. चार काटक्या, वर पोट आणि पुढं नाक. नातीनं पुण्याहून व्हिडिओ कॉलवर नाव ठेवलं मोमो. खायच्या पदार्थाचं नाव मी कुत्र्याला देणार नाही. चार दिवस नुसतं "ए रिक्रूट, इकडं" असं चाललं होतं, तेच नाव पडलं.

कारवानी म्हणजे ज्याला मुधोळ म्हणतात तेच. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात नावारूपाला आणली, २००५ साली तिच्यावर पोस्टाचं तिकीट निघालं, आणि २०१६ मध्ये फौजेनं मुधोळची पिल्लं मेरठला नेऊन शिकवायला घेतली. हे उस्तादांकडून कळलं. आमच्याकडं मात्र ती धनगराची कुत्री. उन्हातान्हात मेंढरांबरोबर हिंडणार, एका घरचं खाणार. परक्यानं अंगावर हात टाकलेला खपत नाही. कुणी लाडानं जवळ आलं की अंग चोरून मागं सरकते आणि मान दुसरीकडं फिरवते. भाच्याला हे ठाऊक होतं का कोण जाणे, पण त्यानं जोडी बरोबर लावली.

माझं सांगायचं तर, मी १९८५ ला बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो, २०१३ ला सुभेदार म्हणून घरी आलो. बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगा हिंजवडीत. शाहूपुरीत घर आहे, पेन्शन आहे, गुडघे अजून चालतात. साडेचारला जाग, पाचला चहा, सहापर्यंत अंगण झाडून व्हायचं, आणि मग सबंध दिवस पुढं पडलेला. साताऱ्यात फौजींचा काय तोटा? अपशिंगे गावाच्या नावापुढं तर 'मिलिटरी' लागलंय. तरी मी कुठल्या मेळाव्याला जात नसे. पाकिस्तानशी लढलेल्याला लोक खुर्ची देऊन बसवतात आणि विचारतात. माझी लढाई १९८८ ची, श्रीलंकेतली. शांतिसेना म्हटलं की समोरचा म्हणतो, "तिकडं आपण कशाला गेलो होतो हो?" जुलै १९८७ मध्ये भारत-श्रीलंका करार झाला, मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परत आली, मधल्या काळात आपले साडेअकराशेहून जास्त जवान कामी आले. कशाला, याचं उत्तर सुभेदाराला देता येत नाही. तेव्हा तर मी साधा शिपाई होतो.

तिकडून मी एक सवय घेऊन आलो. ताज्या उकरलेल्या मातीवर पाय ठेवत नाही. जाफन्याकडं माती लाल, दोन्ही बाजूला ताड, आणि रस्ता उकरून बुजवलेला दिसला की पुढं काय होतं ते मी एकदा बघितलं. आमच्या गस्तीबरोबर कुत्रा नव्हता. एवढंच लिहितो.

आता साताऱ्यात कुठला रस्ता उकरलेला नाही ते तुम्हीच सांगा. आज पाण्याची लाइन, उद्या केबल, परवा त्यांनी बुजवलेलं पुन्हा यांनी काढायचं. मी वळसा घालतो. राजवाड्यावर जायला पंधरा मिनिटं लागतात तिथं मला अर्धा तास. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या डॉक्टरांनी कागदावर पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मनावर राहणारा ताण, असं लिहिलं आणि झोपेची गोळी दिली. गोळीनं झोप लागायची. पण सकाळी बाहेर पडलं की रस्ता होता तसाच.

तर क्लास. पहिल्या तासाला कुत्र्यांना काही शिकवलंच नाही. उस्तादांनी मालकांना ओळीत उभं केलं आणि प्रत्येकाला एक छापील तक्ता दिला. चार रकाने : तारीख, माणूस, कुठं भेटला, पिल्लू कसं वागलं. रोज पाच अनोळखी माणसं. पिल्लू तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत जे बघेल, हुंगेल, ऐकेल ते त्याला पुढं आपलं वाटतं, नंतर एकेक दार लागत जातं, असं त्यांनी समजावलं. लशी पुऱ्या व्हायच्या असल्यामुळं रस्त्यावर सोडायचं नाही, कडेवर घेऊन हिंडायचं. आणि कुणीही पाच माणसं चालत नाहीत. खाली यादी होती. दाढीवाला. हेल्मेट घातलेला. काठी टेकत चालणारा. वर्दीतला. डोक्यावर पाटी घेतलेली बाई. धावणारं पोर. छत्री उघडणारा.

मी उस्तादांना बाजूला घेऊन म्हटलं, "पाच जरा जास्त होतात. मी आठवड्यात पाच माणसांशी बोलत नाही."

ते म्हणाले, "मग दहा करू का, साहेब?"

दुसऱ्या दिवशी रिक्रूटला कॅन्टीनच्या हिरव्या टॉवेलात गुंडाळलं आणि पोवई नाक्यावर जाऊन उभा राहिलो. वीस मिनिटं झाली, कुणी फिरकलं नाही. अठ्ठावन्न वर्षांचा मिशीवाला माणूस ताठ उभा, काखेत टॉवेल, टॉवेलातून नाक. मीही फिरकलो नसतो. शेवटी कॉलेजच्या एका पोराला म्हटलं, "जरा माझ्या कुत्र्याला हात लावता का?" त्यानं माझ्याकडं बघितलं, टॉवेलाकडं बघितलं आणि रस्ता ओलांडला. त्या दिवशी तक्ता कोरा. कोरा तक्ता उस्तादांना दाखवणं म्हणजे मळक्या रायफलीनं इन्स्पेक्शनला उभं राहणं. म्हणून तिसऱ्या दिवशी वाक्य बदललं. "ट्रेनिंग चालू आहे, मदत हवी." हे चाललं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मदत हा शब्द मी वायरलेस सोडून कुठं वापरला नसेन.

नाक्यावरच्या ट्रॅफिकच्या पोलीस बाई वर्दीत बसल्या. त्यांनी शिट्टी पण वाजवून दाखवली, यादीत नव्हती तरी. रसवंतीवाल्याला दाढी होती. भाजीवाल्या मावशी पाटी खाली ठेवायच्या आधी ओरडल्या, "अवं, हाडं किती दिसत्यात ह्या लेकराची, खायला घालता का न्हाई?" ही जातच अशी असते, फासळ्या दिसल्या तरी तब्येत ठीक समजायची, हे मी त्यांना समजावून सांगितलं. मग शेजारच्या मावशींना. मग कंदी पेढ्याच्या दुकानातल्या माणसाला. दिवसातून आठ-दहा वेळा तेच भाषण. एका आठवड्यात मी मागच्या वर्षभरात बोललो नसेन इतकं बोललो, आणि सगळं फासळ्यांवर.

छत्रीचं मात्र अडलं. एप्रिल महिना, आकाशात ढग नाही, छत्री कोण घेऊन हिंडणार? माझी तर मागच्या पावसाळ्यात मोडलेली. समोर एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांच्या जांभळाचा पाला माझ्या अंगणात पडतो, त्यावरून आमची चार वर्षं बोलाचाली नव्हती. मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो.

"छत्री आहे का?"

"आत्ता? एप्रिलात?"

तक्ता दाखवला. बाईंनी चष्मा लावून सगळा वाचला, एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढली आणि आतून लाकडी दांड्याची काळी छत्री आणली. खटकन उघडली तशी रिक्रूट टॉवेलातून निघून माझ्या मानेवर चढली. ओरखडे आठवडाभर राहिले. बाई थांबल्या, छत्री मिटली, चार पावलं मागं गेल्या, आणि या वेळी हळूहळू उघडली, पोरांना फुलाचं चित्र समजावतात तशी. मी कलेजीचा तुकडा दिला. पुन्हा उघडली, पुन्हा तुकडा. सहाव्या खेपेला रिक्रूटनं छत्रीकडं नुसतं बघितलं आणि माझ्या बोटांकडं वळली. बाईंनी विचारलं, "उद्या किती वाजता?" मी तक्त्यात लिहिलं : समोरच्या बाई, फाटकाशी, वागणूक समाधानकारक.

मुलानं मध्येच एक बातमी पाठवली होती. अमेरिकेत २०२१ साली कायदा करून एक योजना काढली, त्यात माजी सैनिकांनी कुत्री शिकवायची. शिकलेलं कुत्रं त्यांना नुसतं द्यायचं असं नाही, शिकवायचं काम त्यांच्याकडं. मी त्याला उलट लिहिलं की तिकडचं माहीत नाही, इथं कुत्रं पोवई नाक्यावर मला शिकवतंय.

पुढचे तास नेहमीचे. बस, थांब, ये, सोड. हुकूम मराठीत की हिंदीत ते आधी ठरवायचं आणि घरातल्या सगळ्यांनी तोच शब्द वापरायचा. माझ्या घरात सगळे म्हणजे मीच, त्यामुळं अडचण आली नाही. मारणं नाही, गळ्याला आवळणारी साखळी नाही. बिस्किटंही नाहीत, उकडलेली कलेजी बारीक तुकडे करून. बॅचमध्ये मेडिकलवाल्याचा लॅब्राडॉर दुसऱ्याच तासाला सगळं शिकला आणि उरलेले दहा तास खात बसला. सिव्हिलमधल्या नर्सताईंचा शिहत्झू, एक जर्मन शेफर्ड, एक पग, दोन गावठी. आमच्या रिक्रूटला 'बस' सगळ्यात शेवटी आलं. या अंगकाठीच्या कुत्र्यांना कडक जमिनीवर बसणं जड जातं, अंगावर चरबीच नाही. उस्तादांनी तिच्यापुरतं गोणपाट टाकलं, तेव्हा बसली. अशी बारीक नजर पाहिजे शिकवणाऱ्याकडं. मला बेळगावला असा उस्ताद मिळाला नव्हता, मला चापटीनंच आलं सगळं.

आता नवव्या तासाबद्दल लिहितो, त्यासाठीच खरं तर लिहायला बसलो.

लशी पुऱ्या झाल्यावर उस्ताद बॅचला रस्त्यावर काढतात. प्लॉटपासून कोपऱ्यापर्यंत, गाड्या आणि भटकी कुत्री यांच्यामधून. त्या आठवड्यात तिथं पाइपलाइन टाकली होती. रस्ता आडवा कापलेला, चार-पाच फूट रुंद, वर नुसती माती ढकललेली. एकीकडं कंपाउंडची भिंत, दुसरीकडं उघडं गटार, वळसा घालायला जागा नाही. पुढचे लोक बोलत बोलत पार गेले. नर्सताईंनी पाय मळतील म्हणून शिहत्झूला उचललं. मी थांबलो. रिक्रूट पुढं गेली, पट्टा ताणला, आणि त्या मातीच्या बरोबर मधोमध ती बसली.

इथं एक गोष्ट माहीत असली पाहिजे. स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्याला हेच शिकवतात. वास लागला की भुंकायचं नाही, उकरायचं नाही, गप बसायचं. श्रीलंकेनंतर काश्मीरमध्ये असताना रोज सकाळी रस्ता उघडायला, म्हणजे रस्त्यात काही पुरलेलं नाही ना ते बघायला निघायचो, तेव्हा कुत्रा पुढं आणि आम्ही मागं. कुत्रा चालतोय तोवर सगळं ठीक. कुत्रा बसला की मागची सबंध लाइन जागच्या जागी.

रिक्रूट बसली कारण तिला मऊ माती मिळाली. महिनाभर आम्हीच तिला बसल्याबद्दल कलेजी भरवत होतो. हे सगळं मला कळत होतं. पायांना कळत नव्हतं. पट्टा हातात होता तो सुटू नये म्हणून मनगटाला गुंडाळला, एवढं आठवतं. मेडिकलवाला पलीकडून म्हणाला, "काका, काय झालं? या की."

उस्ताद परत आले. माझ्याकडं बघितलं, मातीकडं बघितलं, बसलेल्या रिक्रूटकडं बघितलं. विचारलं काही नाही. त्यांच्याबरोबर बेला असते, म्हातारी लॅब्राडॉर, फौजेतून निवृत्त झालेली, मेरठहून दत्तक आणलेली. ती त्यांची नोकरीतली जोडीदार नव्हे. पूर्वी फौजेतल्या कुत्र्याचं काम संपलं की त्याला इंजेक्शन देऊन संपवत. दहाएक वर्षांपूर्वी ते धोरण बदललं आणि अशी कुत्री लोकांना दत्तक मिळायला लागली. उस्तादांच्या स्वतःच्या कुत्रीचं काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तर त्यांनी बेलाला लांब पट्टा लावला, मातीच्या कडेला उभे राहिले आणि अगदी हलक्या आवाजात एक शब्द बोलले. बारा वर्षांची कुत्री, मागचे पाय ओढत चालते, एरवी फाटकापाशी झोपून असते. नाक जमिनीला लागलं आणि म्हातारीनं वय खाली ठेवलं. डावीकडून उजवीकडं, वीतभर पुढं, उजवीकडून डावीकडं. रिक्रूटला बाजूनं टाळून. गटाराच्या कडेपर्यंत, भिंतीच्या कडेपर्यंत, एक कोपरा सोडला नाही. पलीकडं पोचली, वळून उस्तादांकडं बघितलं. उभीच राहिली. बसली नाही.

उस्ताद ताठ झाले आणि मला म्हणाले, तिकडं म्हणायचे तसंच, "रोड क्लियर, साहब."

मी पार गेलो. तीन पावलं होती. पलीकडं पोचल्यावर उस्ताद बॅचकडं वळून म्हणाले, "चला, पुढचा हुकूम. थांब." आणि तास पुढं सुरू झाला. सुटल्यावर चहाच्या गाडीवर मेडिकलवाल्यानं मला विचारलं की ते मघाशी काय होतं. मी सांगितलं. लाल माती, ताड, १९८८, सगळं नाही, पण तिथं जो गेला त्याचं नाव घेऊन सांगितलं, म्हसवडजवळचाच होता तो. चहा दोनदा गार झाला. चहावाल्यानं तिसऱ्यांदा तापवून दिला आणि पैसे एकाचेच घेतले.

आता मी उकरलेल्या रस्त्यावरून बिनधास्त जातो असं समजू नका. रिक्रूटला आधी पार होऊ देतो, मग मी जातो. ती कारवानी आहे, नजरेनं शिकार धरणारी, नाकाचं काम तिला कुणी शिकवलेलं नाही. खरंच काही पुरलेलं असेल तर ती आणि मी बरोबरच जाऊ. हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी तिच्या मागून पाय उचलतो. राजवाडा आता वीस मिनिटांत येतो.

तारा कशाबद्दल कापला ते आता. दहावा तास आवाजाचा असतो. फटाके, ढग, कुकर, हॉर्न असे आवाज स्पीकरवर लावतात, आधी ऐकू येईल न येईल इतके हळू, आणि प्रत्येक आवाजाला कलेजी. कुत्रं शांत राहिलं तर पुढच्या वेळी किंचित मोठा. पद्धत उत्तम आहे, चार-पाच आवाज छान झाले, रिक्रूटचे कान हलले नाहीत. मग उस्तादांना फोन आला, ते फाटकाकडं गेले, आणि मदतनीस पोरानं स्पीकरचं बटण भलतीकडं फिरवलं. सुतळी बॉम्ब, पूर्ण आवाजात.

पगनं पट्टा तोडला. रिक्रूटनं जागेवर मुतलं. मी खाली पडलो होतो. पडलो म्हणजे पालथा, रिक्रूटला पोटाखाली घेऊन, हनुवटीत खडी. सात कुत्री, सहा माणसं आणि तो पोरगा, सगळे माझ्याकडं बघत होते. नर्सताईंनी उठवलं, हनुवटी पुसली, आणि बाकीच्यांना दुसरीकडं बघायला सांगितलं. त्या बाईंना शंभर तारे. उस्ताद धावत आले, आधी रिक्रूटची माफी मागितली, मग माझी. क्रम मला पटला. पण मुद्दा असा की त्या तासाला स्पीकर दुसऱ्याच्या हातात द्यायचाच कशाला? चुकीला शिक्षा पाहिजे, म्हणून एक तारा कापला. त्यांनी मग फॉर्मवर एक ओळ वाढवली आहे : 'मालकाला मोठ्या आवाजाचा त्रास होतो का?' बॅचमधल्या जर्मन शेफर्डवाल्या तरुण पोरीनं मला हळूच सांगितलं की ती पण 'हो' लिहिणार होती. तारा तरी परत देत नाही.

बारीकसारीक तक्रारी. सावली नाही, मे महिन्यात आठनंतर प्लॉट तव्यासारखा तापतो. पाणी आपलं आपण न्यायचं. स्वच्छतागृह नाही, बायकांची पंचाईत होते. गाडी लावायला जागा नाही. प्रमाणपत्रावर 'रिक्रुट' असं ऱ्हस्व छापलंय, समोरच्या बाईंनी ते पेनानं दुरुस्त करून दिलं. आणि क्लासमध्ये जो गळ्याचा पट्टा विकतात तो घेऊ नका, निदान कारवानी असेल तर. या कुत्र्यांचं डोकं मानेएवढंच असतं, साधा पट्टा कानावरून सुर्रकन निघतो. आमचा एकदा निघाला आणि रिक्रूट 'चार भिंती' नावाच्या जागेच्या चढावर सुटली. या जातीच्या मागं माणूस धावू शकत नाही, मी खालीच बसून राहिलो. अर्ध्या तासानं ती आपली आपण आली, जीभ लोंबकळत, बरोबर एक शाळेचं पोर, त्याच्या हातात डबा. डब्यातली चपाती तिच्या पोटात. उस्तादांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले की ओढ लागली की थोडाच आवळणारा दुहेरी पट्टा मिळतो, तो हवा. तो त्यांच्याकडं नाही. मी चांभाराकडून शिवून घेतला, तीनशे रुपये.

मागच्या दिवाळीचं विचाराल तर, पावसाळाभर मी घरी आवाजाचा तास चालू ठेवला होता, बटण माझ्याच हातात. लक्ष्मीपूजनाला उस्तादांनी सांगितल्याप्रमाणं आतल्या खोलीत गेलो. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा पाचवर, वाटीत कलेजी. रिक्रूट पहिल्या तासभर थरथरली, मग माझ्या मांडीवर नाक ठेवून पडून राहिली. नऊच्या सुमाराला समोरच्या बाई फराळाचं ताट घेऊन आल्या. मला वाटलं देऊन जातील. त्या खाली सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मलाही हा आवाज आवडत नाही, कुणाला सांगणार?" अकरापर्यंत बसलो. रिक्रूट त्यांच्या हाताला लागली नाही, पण त्यांच्या पदरावर झोपली.

नवी बॅच दर दोन महिन्यांनी निघते, आधी एक तास फुकट बघता येतो. कलेजी घरून शिजवून आणा, मीठ न घालता. लसीची वही विसरू नका. एप्रिलात पिल्लू असेल तर छत्रीची चिंता करू नका. बुधवारी सकाळी साडेसहाला छत्रीवाला अनोळखी माणूस म्हणून फाटकाशी मीच उभा असतो. लाकडी दांड्याची, काळी. हळू उघडायला मला आता येतं.